लहान विमानात दोघांचीच जागा

मंगळवार, ४ मार्च

ओर्पाला पहाटेपासून कळा. नर्सबाई म्हणते, मूल पायाळू आहे, डोंगरापलीकडे वामेना शहरातल्या दवाखान्यात न्या, माझ्याच्याने होणार नाही. आई गेल्यापासून मीच वाढवलंय या धाकट्या बहिणीला. तिकडे रस्ता नाही, म्हणून विमान मागवायला रेडिओवर बसले. आज लहान विमान मिळेल, मोठं उद्या.

लहानाला पेट्रोल लागतं, ऊन चढलं की दम लागतो, आणि पायलट सोडून दोघंच. मोठं रॉकेलसारखं काहीतरी पितं आणि भर दुपारी नऊ माणसं नि एक डुक्कर घेऊन डोंगर चढतं! गाव त्याच्यावर फिदा. त्याच्यासाठीच आम्ही पाठीवरून माती वाहून धावपट्टी लांबवली.

मी लहानच मागवलं.

संध्याकाळ

आलं होतं. ओर्पाच्या सासरचे सात जण रताळ्यांनी भरलेल्या नोकेन-झोळ्या डोक्याला अडकवून तयार.

"ओर्पा आणि सोबत एक," कॅप्टन रोनी म्हणाला.

ओर्पाचा नवरा सेब्लोन अडून बसला. "तिकडे काही झालं तर रडायला कोण? परक्यांत मरू द्यायचं तिला? उद्या मोठ्यातून सगळे जाऊ."

"भाऊजी, आधी पोचू तर द्या तिला. रडायचं काय घेऊन बसलात?"

सासू मध्ये पडली. "तू रेडिओशी बोल. आमच्या घरात नको."

दरीतले ढग दाखवत रोनी म्हणाला, "बाई, आता निघायलाच हवं."

"जाऊ दे विमान, ताई. भांडू नकोस," ओर्पा म्हणाली. मी रागारागाने तिचा घाम पुसत राहिले.

विमान रिकामं गेलं.

बुधवार, ५ मार्च

रात्रभर पाऊस. मोठं विमान आलं – दोन घिरट्या घातल्या. पायलट रेडिओवर म्हणाला, "नवीन माती फुगलीय. एवढ्या वजनाने उतरलो तर चाकं रुततील." परत गेलं. सेब्लोन हात हलवत त्याच्यामागे धावपट्टीच्या टोकापर्यंत धावला.

लहान उतरलं असतं. त्याला जुना, दगडी तुकडा पुरतो. लगेच मागितलं. पेट्रोल संपलंय म्हणे, पिंपं शुक्रवारी येतील. उरलेलं काल आमच्याकडे येण्याजाण्यात गेलं.

गुरुवार, ६ मार्च

ओर्पा आता ओरडत नाही. मला तेच नको वाटतंय. सासू माझा हात सोडत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

आभाळ मोकळं, वारा नाही. वामेनाहून विचारलं, "पेट्रोल आलंय. पेशंट, आणि सोबत किती?"

पेशंट आता नाही, म्हटलं. तान्ह्या बाळाची दूधपावडर पाठवा. लहान विमान चालेल.