दोन कोकरांतलं एक

मामा, सारं गाव तुम्हाला मामा म्हणायचं म्हणून मीही म्हणत राहिले. तुम्ही माझे वडील, हे मी कळती झाल्यावर आईनेच सांगितलं, मला इथे चौलला वाढवणाऱ्या आईने. तरी बाबा म्हणायला जीभ रेटली नाही. भात कापून झालं की तुम्ही घाटावरून उतरायचात, खतासाठी आमच्या शेतात मेंढरं बसवायचात आणि बांधावरून मला नुसतं बघत राहायचात. मला तुमचा राग यायचा, आणि तुम्ही यायला उशीर केलात तर त्याहून जास्त.

तुमचा नेम ठरलेला. वाटेत मेंढीला जुळं झालं, की चालून चालून तिचं दूध दोघांना पुरत नाही. मग एक कोकरू बरोबर न्यायचं, एक मुक्कामाच्या घरी द्यायचं. घोंगडीला काळी लोकर हवी, म्हणून काळं न्यायचं आणि पांढरं ठेवायचं. त्याच नेमाने जुळ्या लेकींतली एक तुम्ही या मूल नसलेल्या घरात ठेवलीत. दुसरी घोड्यावर बसून घाट चढून गेली.

आता मी जनावरांची डॉक्टर आहे. मेंढीचं रक्त तपासून तिच्यात जुळ्यांचा गुण आहे का ते सांगते. पांढऱ्या जोडीच्या पोटी एखादं काळं कोकरू कसं येतं, तेही समजावते; रंग दोघांच्याही रक्तात लपून असतो. माणसांचं इतकं सोपं नसतं. तुमच्या शेवटच्या खेपेला मी शिकत होते. बांधावर तुमच्याशेजारी बसून म्हणाले, जुळं होणं हा रक्तातला गुण आहे, मेंढीला पोटभर चारा दिला तर दोन्ही कोकरं जगतात.

तुम्ही विचारलंत, "दोन्ही जगत्यात व्हय?"

मी हो म्हटलं. तुम्ही काठी घेऊन कळपाकडे गेलात. पुढल्या वर्षी मेंढरं उतरली, तुम्ही नव्हतात. मी गोठ्यात जाऊन पोटभर रडले.

यंदा कळपाबरोबर बहीण आली होती. तिच्या मेंढीला आमच्याच शेतात जुळं झालं, एक काळं, एक पांढरं. निघताना तिने दोन्ही टेम्पोत घातली. मला तिथे उभं राहवेना. हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवायला तिच्या हाती देणार होते, दिलं नाही.

कोकरांचा रंग तरी बघायचात, मामा. आम्हा दोघींत काय बघितलंत? खरं सांगते, मी आले नसते. इथे मला काही कमी नव्हतं. पण तुम्ही एकदा तरी मला परत मागायला हवं होतंत.