दर शनिवारी उज्जैनहून

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि काकांच्या चिरंजीवांनी आता नोटीस पाठवली आहे: मी तुमची मुलगी नव्हेच, तेव्हा राहतं घर सोडावं. भाषा हिंदी, व्याकरण भयंकर. तिसऱ्या ओळीपाशीच तुम्ही लाल पेन काढला असता.

मी अकरा वर्षांची होते. शाळेतल्या तपासणीत माझा रक्तगट ओ निघाला, तुमचा एबी. बापलेकीत असं होत नाही, हे शहपुऱ्याच्या काकांना कुणा कंपाउंडरने सांगितलं आणि त्यांना जन्मात प्रथमच विज्ञानाची गोडी लागली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तुम्हाला ओमती मोहल्ल्यातल्या वकिलाकडे नेलं. घरी आई रडत होती म्हणून तुम्ही मला बरोबर घेतलंत, बाहेरच्या बाकावर बसवलंत; दार उघडंच होतं. वकील सांगतो आहे, लग्न टिकून असताना झालेलं मूल कायदा नवऱ्याचंच धरतो. पोसावं त्यानेच, वारसही तेच. सुटका एकच: मूल राहिलं त्या दिवसांत नवराबायकोची गाठच पडली नव्हती, हे दाखवायचं. काका उसळले. "मग काहून गप्प बसून राहिला तू? सांग ना वकिलाले! ट्रेनिंगले सहा महिने उज्जैनले होता ना तवा!" वकील खूश. "बस पंडितजी, इतना कह दीजिए कि बीच में घर आए ही नहीं. लड़की से छुट्टी."

खोट्या सबबीपायी पोरांना वर्गाबाहेर काढणारे तुम्ही. चष्मा पुसलात आणि म्हणालात, "येत होतो. दर शनिवारी."

त्या एका असत्यासाठी तुम्हाला कुठल्याच नरकात जागा मिळाली नसेल. पण पुढची सोळा वर्षं? महिने मोजता येत होते तुम्हाला. माझ्या जन्मापासूनच ठाऊक असणार. तेव्हा सगळं चाललं. काकांना कळलं, आणि मग आईशी दोनच शब्द उरले: "वाढ" आणि "पुरे". शास्त्रातले बारा प्रकारचे पुत्र माझ्याकडून पाठ करून घेतलेत. घरात गुपचूप जन्मलेलाही घरधन्याचाच, हे मान खाली घालून शिकवलंत. मुलींचा प्रकार विचारला तर म्हणालात, पुढे चल. आईला क्षमा करण्याइतकं शास्त्र तुम्हाला येत नव्हतं. काका निदान उघड नीच होते. तुम्ही तिला रोज सभ्यपणे मारलंत आणि मोहल्लाभर साधुपुरुष म्हणून फिरलात.

नोटीस आली म्हणून आईची पेटी उघडली. तुमची उज्जैनची पत्रं निघाली. प्रत्येकात मेसची पातळ डाळ, आणि याही शनिवारी येणं होत नाही. कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून आज दुपारी गॅसवर एकेक धरली. हे पत्रही तसंच जाईल. यात मी सगळंच लिहून बसले. तुमच्या एका पत्रात मात्र आहे, "तुला पाहून चार महिने झाले. घर नाही आठवत, तू आठवतेस." माझं घर घालवायला तेवढा कागद पुरेसा आहे. तो जाळवला नाही.