डाव्या सीटवरची गोणी

३ नोव्हेंबर १९७४

बसवल्या! फियाटच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंगा मीच बसवल्या — अंगणात, जॅक लावून. मेहुण्याच्या गॅरेजची पायरी चढलो नाही. चंद्रभान गेल्या वर्षी चारचौघांत म्हणाला होता, 'भाऊजी, तुमचं काम कागदावरचं. पाना आमच्या हाती राहू द्या.' अख्खी नोकरी मोजणी खात्यात केली मी. कुणाची बोटभर जमीन इकडची तिकडे होऊ दिली नाही. मला शिकवतो!

संध्याकाळी प्रेमलताला घेऊन धरमपेठेत चक्कर मारली. गाडी डावीकडे ओढते. ते मला कळलंच होतं. पण हिने लगेच तोंडाला पदर लावला. 'थांबवा जी, मले मळमळून राहिलं.' बायकोच असं म्हणते, तर मेहुण्याने का म्हणू नये?

५ नोव्हेंबर

चाकांना सुतळी ताणून पाहिलं. पुढच्या चाकांची तोंडं बाहेर फाकली आहेत. चाकांना जोडणारा टाय रॉड फिरवून ती आत घेतली. ओढ कमी झाली, गेली नाही.

ही पुन्हा अर्ध्या वाटेत उतरली आणि पायी घरी आली! सगळ्या गल्लीने पाहिलं. 'तुमच्या गाडीपरीस बस बरी,' म्हणे. दिवाळीनंतर रामटेकला जायचंय. तिथेही म्हणते बसनेच जाऊ. दारात गाडी आणि आम्ही बसच्या रांगेत! मग ही गाडी घेतली कुणासाठी? हिच्यासाठीच ना?

६ नोव्हेंबर

आजही ताटात निम्मं टाकलं. राग माझ्यावर, काढते अन्नावर.

९ नोव्हेंबर

दुपारभर शिलाई मशीनची खडखड. दिवाळीला नवे ब्लाउज शीव म्हटलं, तर जुनेच उसवून आत घेत बसली आहे. भाऊबीजेला भावाला दाखवायला बरं — बघ, हे मला काही घेऊन देत नाहीत.

१० नोव्हेंबर

चूक सापडली! गाडीच्या पुस्तकातच आहे — चाकं जुळवताना आत माणसं बसलेली हवीत. मी रिकामी गाडी मोजत होतो.

प्रेमलताला म्हटलं, थोडा वेळ बस. 'मी नाही बसत त्या गाडीत.' नको बसू! गव्हाची गोणी ओढत आणली आणि तिच्या जागी, डाव्या सीटवर ठेवली. साठ किलो. हिचं वजन तेवढं असणारच, माझा अंदाज चुकत नाही. माझ्या जागी शेजारच्या विश्वनाथला बसवलं आणि पुन्हा सुतळी धरली.

ही दारात आली. 'काय करून राहिले जी?' म्हटलं, 'ती गोणी म्हणजे तू.' गोणीकडे बघून हसली. 'एवढी कुठं राहिली आता मी!' कित्येक दिवसांनी हसली, तेही मला हसली. विश्वनाथही हसला. मी सुतळी आणखी ताणली.

१५ नोव्हेंबर, भाऊबीज

चंद्रभान आला. ओवाळून झाल्यावर मुद्दाम किल्ली त्याच्या हातात दिली. मी मागे, ही त्याच्या शेजारी. भावासाठी बसली बरं! माझ्यासाठी नाही.

सिव्हिल लाइन्सच्या सरळ रस्त्यावर त्याने स्टिअरिंगवरचे हात काढले. 'भाऊजी, एकदम सीधी चालून राहिली. मानलं तुम्हाले!' हे ऐकण्यासाठी इतके दिवस जीव टाकला होता मी. आणि तेवढ्यात ही — 'थांबव गा, चंद्रभान.' उतरली आणि रस्त्याच्या कडेला ओकली.

मी भडकलो. 'गाडी सरळ आहे! तुझा भाऊ सांगतोय! आता तरी सोंग पुरे कर!'

चंद्रभानने तिला धरून उठवलं. माझ्याकडे बघत म्हणाला, 'गाडी सरळच हाये, भाऊजी. म्हणून तर म्हणतो — ताईले डाक्टरले दाखवा. हाताले लागून नाही राहिली ती, नुसती हाडं हायेत.'

ऐन सणात, त्याच्यादेखत माझी शोभा! जेवलो नाही.

१८ नोव्हेंबर

डॉक्टरांनी काट्यावर उभी केली. एकेचाळीस किलो. पोटात गाठ लागते म्हणाले. उद्या दाखल करायचं.

येताना ती डाव्या सीटवरच बसली. गोणीचे धागे तिथे अजून चिकटलेले होते. गाडी सरळ चालली. घर जवळ आल्यावर म्हणाली, 'तुमच्या गाडीले उगीच नावं ठेवली जी मी.'