उभ्यानं केलेलं निंदण

भिवापूर,
पोळ्याच्या आधीचा सोमवार, १९७९

प्रिय नात जया हिले आजीचा पोटभर आशीर्वाद.

पत्र माझ्याच हातचं आहे, हसू नको. दुसरीपर्यंतची शाळा, त्यातही लहान भाऊ कडेवर, तरी अक्षर सुटलं नाही बघ. ओळ वावराच्या धुऱ्यासारखी वाकडी जाते, तर तू मान वाकडी करून वाच. गुरुजींकडून लिहून घेतलं असतं, पण ते अर्धं आपल्या मनचं घालतात. मागच्या पत्रात त्यांनी मले तुझी ‘आज्ञाधारक’ करून टाकलं होतं. बाजेवर पडूनच लिहून राहिले. बसून लिहायचा कंटाळा आला, दुसरं काही नाही.

तिकडे शहरात, महालच्या वस्तीत मावशीकडे बरी आहेस ना? मी आले होते तेव्हा सायकलरिक्षांच्या घंटा ऐकून मले वाटे, कोणाचे तरी बैल सुटले. आणि सक्करदऱ्याच्या तलावावर तू मले फुटाणे घेऊन दिले होते, ते मी दातांनी कमी आणि हिरड्यांनी जास्त खाल्ले. पण ते जाऊ दे. आपल्या वावरात यंदा काय मजा झाली ते सांगायचं आहे.

मागच्या सालचं तुले आठवतेच. तण निंदायले म्हणून आलीस, पाऊस लांबला, निंदण लांबलं, आणि तिकडे नर्सच्या शाळेत हजेरी कमी पडली म्हणून त्यांनी तुले त्याच वर्गात ठेवलं. यंदा तुझी परीक्षा पोळ्याले लागूनच, आणि तुझा बाप पुन्हा म्हणे, “जयीले बोलावतो.” गोविंदाचंही खोटं नाही वं. श्रावणात साऱ्या गावाचं निंदण एकदमच येते. बाया मिळत नाहीत, अन् तण काही कोणासाठी थांबत नाही, जवारीले गिळून टाकते. घरच्या बाईनं निंदणाची पात धरली तर काम पुढे सरकते. तुझी माय गेली तेव्हापासून घरच्या बाया म्हणजे मी आणि तू. मी म्हटलं, अरे, तिची परीक्षा आहे. तर म्हणे, “माय, परीक्षा पुढच्या सालीबी येते. गेलेली जवारी येते का?” मी रागानं त्याच्या ताटात भाकर जरा जोरात टाकली.

मग आले आपले ग्रामसेवक वामनराव, तण मारायचं औषध घेऊन. म्हणे, रुंद पानाचं तण मरते, जवारीले धक्का लागत नाही. गोविंदा म्हणे, “अन् तूर?” बरोबरच होतं त्याचं. आपल्या जवारीत मधून मधून तुरीच्या ओळीचं एकेक तास, तुरीचं पान रुंद, ती कशी वाचंल? आणि धुऱ्यापलीकडे कांताबाईची मिरची. वामनरावांनी डोकं खाजवलं अन् म्हणे, तूर झाकावी लागंल. गोविंदा हसला, “वावराले पांघरूण घालू का गा?” पण मी हट्टच धरला तेव्हा बोलून गेला, पोळ्याच्या आत वावर साफ दिसलं तर पोरगी राहील तिथंच, नाही तर मी स्वतः महालात जाऊन तिले आणतो. वामनरावांदेखत बोलला, म्हणून मी धरून ठेवलं.

कांताबाईले वास लागलाच. कमरेवर हात ठेवून दारात उभी. “भागीरथाबाई, माझ्या मिरचीचं एक पान वाकडं झालं तर तुमच्या दारात येऊन बसीन, उठणार नाही!” तिचं भेवही खरंच. मागच्या साली तिच्या माहेरी असंच औषध वाऱ्यानं शेजारच्या कापसाच्या पऱ्हाटीवर गेलं, तर पानं कोंबडीच्या पायासारखी बारीक झाली. अजून ती दोन घरं एकमेकांचं पाणी पीत नाहीत. मी म्हटलं, बस बाई, खुशाल बस, पण आधी माझ्या लुगड्याचं दुसरं टोक धर.

आणि धरलं वं तिनं! सकाळी वारा पडलेला असताना आम्ही माझं जुनं नऊवारी तुरीच्या तासाले आडवं धरलं, एका टोकाले मी, एका टोकाले कांताबाई. पलीकडून गोविंदा पाठीवर पंप घेऊन, नळी खाली धरून. त्याचं पाऊल पुढे पडलं की आमचं पडे. मागून शेजारची वच्छला चिमूट चिमूट राख सोडून वारा पाहत होती. तुले माहीतच आहे, वच्छलेचं तोंड बंद राहत नाही. म्हणे, “अंतरपाट धरला गा बाई! नवरी तूर आहे, नवरदेव कुठं?” पंपाखाली वाकलेला गोविंदा म्हणे, “नवरदेवाचं सोड, सारं वऱ्हाड माझ्याच पाठीवर आहे.” मग वारा जरा उठला की वच्छला ‘सावधान’ म्हणून ओरडे अन् आम्ही जागच्या जागी थांबत असू. धुऱ्याशी मिरचीजवळ आलो तेव्हा कांताबाई इतकी ताणून धरे की लुगडं टरकलं. रागानं की हसून ते कळलं नाही.

जया, मी उभी होती वं. लग्न होऊन या घरी आले तेव्हापासून निंदण म्हणजे खाली माती अन् पुढे दुसऱ्या बाईच्या टाचा. त्या दिवशी निंदणाचं काम उभ्यानं केलं अन् आपलं वावर केवढं आहे ते डोळ्यानं पाहिलं. पार नाल्यापर्यंत उतरत जाते, सुंदर दिसते. मले उगाच हसू येत होतं, कांताबाईले वाटलं तिलेच हसून राहिले.

थोड्या दिवसांत तणातल्या तरोट्याच्या माना पिळल्या, कुंजर झोपली. यंदा त्यांची भाजी नाही. वामनरावांनी बजावलं, या वावरातला पाला माणसानं खायचा नाही, गुरांनाही टाकायचा नाही. मिरची मात्र जशीच्या तशी. कांताबाई रोज येऊन पानं उलटून पाहते अन् भांडायले काही सापडत नाही म्हणून हिरमुसून जाते.

पण औषधानं हराळी अन् लव्हाळा मरत नाही. त्यांचं पान जवारीसारखंच लांबट, औषध त्यांनाही घरचंच समजते. ते खुरप्यानंच काढावं लागते, अन् बसूनच. गोविंदानं बैलांचा डवरा फिरवला, तासातलं निघालं, झाडाच्या बुडाशी राहिलं ते मी काढलं. खाली पोतं घेतलं अन् सरकत गेले. घाई नव्हती, पण पोळा जवळ येत होता. संध्याकाळी वच्छला हाताले धरून घरी आणे. म्हणे, मावशी, तुमचं पाऊल टेकत नाही. मी म्हटलं, जमीन ओली आहे. आता तीच सकाळी पाण्याचा गुंड भरून बाजेजवळ ठेवून जाते. चांगली आहे पोरगी.

आज गोविंदा धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत वावर फिरून आला. वच्छलेनं पाहिलं, एका जागी लव्हाळा राहिला होता. तो त्यानं स्वतःच उपटला अन् खिशात टाकला. मले दाखवला नाही. अंगणात पाय धुता धुता म्हणे, “तिले राहू दे तिथंच.” पण त्यानं आधीच बसच्या कंडक्टरजवळ तुले निरोप धाडला आहे की पोळ्याले ये अन् निंदण होईस्तोवर राहा. आपला शब्द मागे घ्यायले त्याची जीभ वळत नाही, म्हणून मी लिहून राहिले. येऊ नको. निंदण झालं. निंदणाले नको अन् पोळ्यालेही नको. तुले पाहायची मले किती ओढ आहे ते मी लिहीत नाही, पण तू आलीस की माझे गुडघे पाहशील, अन् मग तू परत जायची नाहीस. मी ओळखते तुले. आधी परीक्षा दे. ती झाली की पहिल्या बसनं ये, मग काय पाहायचं ते पाह्य.

तुझीच,
आजी भागीरथा