सात नंबरचं वादळ

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू रागावणार हे धरूनच लिहितोय.

तुमच्या नाटक मंडळीच्या मॅनेजरांनी आमच्या कारखान्यातून डिजिटल सिंथेसायझर मागवलाय. नाटकात तू वाजवतेस त्या जुन्या अ‍ॅनालॉग यंत्राचे आवाज त्यात भरायचं काम साहेबांनी नेमकं माझ्याच गळ्यात घातलं. खरं सांगू? तुझं यंत्र तापायला अर्धा तास घेतं, थिएटर गरम झालं की सुरावरून घसरतं, आणि एका वेळी एकच सूर देतं. कालचा आवाज आज हवा, तर वहीतल्या खुणा बघत वीस गोल बटणं पिरगाळा. नव्यात नंबर दाबला की तोच आवाज, कधीही. तेव्हा रेकॉर्डिंग पाठव आणि आराम कर.

लोभ आहेच, या पत्राने आटू नये.
तुझा धाकटा

११ मार्च

चि. धाकट्यास,
अ. आ., कान पिळून.

रेकॉर्डिंग मिळणार नाही. आराम तू कर.

तुमचं यंत्र आलं, कारखान्याने आधीच भरलेल्या आवाजांसकट. तालमीत मॅनेजरांनी त्यावर बसवलेल्या तिकीटखिडकीवरच्या बाईंनी सात नंबर दाबला आणि वादळ सुटलं. झकास होतं, माझ्यापेक्षा स्वच्छ; खोटं कशाला बोलू? पण आमचे एक म्हातारे नट नेमके वाक्य विसरले. वादळ ठरल्या वेळी संपलं आणि ते बिचारे शांततेत ओठ चावत उभे. बाई माझ्याकडे बघतायत, पुन्हा सात दाबू की आठ! मी विंगेत माझं यंत्र लावूनच बसले होते. बटण हळूहळू फिरवत वारा खाली आणला, त्यांच्या श्वासाबरोबर धरून ठेवला. वाक्य आठवल्यावर मगच सोडला.

आकड्यांनी आवाज घडवणाऱ्या यंत्राला मी नावं ठेवत नाही. माझ्या यंत्रात वीजच थरथरते, म्हणून ते सुरावरून घसरतंही. पण वाजवणारा दोन्हीकडे लागतोच ना? मॅनेजरांना म्हटलं, दोन्ही मी वाजवते. ते म्हणाले, बटण दाबायला कलावंत कशाला? पुढच्या शुक्रवारच्या प्रयोगापासून येऊ नका. मी म्हटलं, शुक्रवारी साडेपाचला येते.

माया आहे म्हणून एवढं लिहिलं, नाहीतर कोरा कागद पाठवला असता.
ताई

१६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. मग साहेबांना तोंडावर सांगितलं की ताईच्या मर्जीशिवाय तिचा एकही आवाज भरणार नाही. त्यांनी मला खोकी बांधायच्या खात्यात पाठवलंय. हात दुखतात, पण मान ताठ आहे. बायको म्हणते, ही खोड तुमच्या घरातच आहे.

शुक्रवारी हटू नकोस. लोभाचं काय, तो आता तूच मोज.
धाकटा

२२ मार्च

चि. धाकट्यास,
आज आशीर्वाद दोन जास्त घे.

काल साडेपाचला पोचले. दोन्ही यंत्रं शेजारी मांडली. तुमच्यावर गडगडाट, माझ्यावर वारा. मॅनेजर आले, उठा म्हणाले. मी नाही म्हटलं. त्यांनी नेपथ्याच्या सुतारांना मला खुर्चीसकट उचलायला फर्मावलं. सुतार म्हणाले, आज पाठ धरलीय. ते म्हातारे नट रुमाल काढून सरळ तोंडाचा रंग पुसायला लागले. ताई नाहीत तर मीही नाही म्हणाले. तिकीटवाल्या बाई केव्हाच आपल्या खिडकीवर जाऊन बसल्या होत्या.

मॅनेजर डोक्याला हात लावून उभेच. शेवटी विचारलं, तुम्ही उठणार तरी कधी? मी म्हटलं, नाटक संपल्यावर. तिसरी घंटा झालीय, बाजूला व्हा, पडदा उघडायचाय.

झाले बाजूला.

जीव लावत राहा, आणि असाच नडत राहा.
ताई