संत सेबॅस्टियनची डबी

उमेळे, वसई
१२ ऑक्टोबर १९९७

चि. फेबियन यास,

मटिल्डाबायचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद फादरांनी द्यायचे की फादरांच्या मोठ्या बहिणीने, हा प्रश्न तुझ्या गुरुदीक्षेपासून वीस वर्षे तसाच पडून आहे. तो सुटेपर्यंत मी देत राहीन.

इकडे सर्व ठीक. भातकापणी सुरू झाली, पण कापायला शेते थोडीच उरली आहेत. शेजारच्या बेनेडिक्टने विहिरीकडची चिकूची वाडी बिल्डरला दिली. तिथे चार मजले उठले आहेत आणि माझ्या ओसरीवर दुपारनंतर ऊन येत नाही. शाळेत सहामाहीचे पेपर तपासून मान आखडली आहे.

लिहिण्यास कारण की, चर्चचे काम दिवाळीनंतर पुरे होईल. नवे फादर व्हॅलेरियन परवा घरी आले होते. वयाने तरुण, बोलणे मोजके. त्यांची इच्छा अशी की आपल्या घरातली डबी वीस जानेवारीला, संत सेबॅस्टियनच्या सणाला, मिरवणुकीने नेऊन नव्या वेदीत कायमची बसवावी. मला माहीत होते तेवढे मी त्यांना सांगितले. आजोबांचे भाऊ फादर होते, त्यांनी ती गोव्याहून आणली. आत काचेखाली संताच्या अस्थीचा तांदळाएवढा तुकडा आहे, आणि गावात कोणाला ताप आला की माणसे येऊन डबी उशाशी घेऊन जातात. आयच्या पेटीतला अस्थीचा लॅटिन दाखलाही त्यांनी वाचला. तो खरा आहे म्हणाले. आता बिशपांच्या कार्यालयातून कोणी येऊन डबीमागची लाखेची मोहर दाखल्याशी ताडून पाहील.

मला वाटते डबी घरातच राहू द्यावी. लोकांना इथे यायची सवय आहे. तू फादरांना तसे दोन ओळींत कळवशील का? तुझा शब्द ते मोडणार नाहीत.

जेवण वेळेवर घेत जा. लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

तुझी,
मटिल्डाबाय


जालना
२५ ऑक्टोबर १९९७

ती. मटिल्डाबाय हिस,

फेबियनचा शि. सा. न. तुझे पत्र वाचून आनंद झाला आणि थोडे हसूही आले. घरात एक चांगली वस्तू आहे, ती चर्चला द्यायची वेळ आली, तर माझी बहीण ओसरीवरच्या उन्हाचे गाऱ्हाणे सांगते.

तुझे कारण मला पटले नाही. आज तू दार उघडतेस, उद्या कोण उघडणार? मी इथे, तू एकटी, आणि बिल्डर उंबऱ्यापर्यंत आलेला. वेदीत डबी सुरक्षित राहील. शिवाय तिच्यावर माझा थोडा हक्क आहे. सात वर्षांचा असताना मला विषमज्वर झाला. आयने तीन दिवस ती डबी माझ्या छातीवर धरली आणि पोरगा वाचला तर देवाला देईन असा नवस केला. ही गोष्ट मी वीस वर्षे प्रवचनांत सांगत आलो आहे. इथल्या पाड्यांवरची मुलेसुद्धा ती पाठ म्हणून दाखवतात.

तेव्हा मी फादर व्हॅलेरियनना परस्पर कळवले आहे की सणाची मिस्सा मी करीन आणि प्रवचनात हीच गोष्ट सांगेन. रागावू नकोस. इथे कापूस फुटला आहे, पाणी पंधरवड्याने येते, माझी प्रकृती उत्तम.

तुझ्या मायेवर वाढलेला,
फेबियन


उमेळे
९ नोव्हेंबर १९९७

चि. फेबियन,

अनेक आशीर्वाद. तू कळवून टाकलेस, त्यामुळे मला आता हे लिहावे लागते. समोर बसून सांगायचे धैर्य झाले नसते, म्हणून कागदावरच बरे.

डबीत जे आहे ते संताचे नाही. मी बारा वर्षांची होते. सणाच्या आधी चिंच-राखेने डबी घासायला आयने दिली. पायरीवर ती हातातून निसटली. मागचे झाकण उघडले, मोहर फुटली, आतला तुकडा उडाला. मी अंगण बोटांनी चाळले. कोंबड्या फिरत होत्या. तुकडा मिळाला नाही. घरात कोणी नव्हते. आदल्या दिवशीच्या रश्शातले कोंबडीचे हाड उकिरड्यावर होते, ते धुऊन, दगडाने ठेचून, तांदळाएवढा तुकडा निवडला आणि भाताच्या पेजेने चिकटवला. बाबा पोस्टात होते, त्यांच्या खणात लाख असे. ती वितळवून मागे लावली. आयने डबी पाहिली आणि लख्ख घासलीस म्हणाली.

तुझा ताप त्यानंतर दीड वर्षाने आला. तुझ्या छातीवर जे होते ते मी ठेवलेले हाड होते. त्याच आठवड्यात वसईच्या डॉक्टरांच्या गोळ्याही सुरू होत्या, हे मला आठवते, कारण त्या कडू म्हणून तू थुंकायचास. आयने नवस केला तेव्हा मी दारात उभी होते. तू सेमिनरीत निघालास तेव्हाही दारातच होते. आय इतकी सुखात होती की तोंडातून शब्द निघाला नाही. पुढे दर वर्षी तो काढणे आणखी अवघड होत गेले. डबी सांभाळणे, येणाऱ्याला दार उघडणे, हीच मी माझी शिक्षा मानली.

वेदीत ते हाड जाऊ देणार नाही. बाकी तू काय म्हणशील ते.

मटिल्डा


उमेळे
१४ डिसेंबर १९९७

चि. फेबियन,

तुझे पत्र नाही. मागतही नाही. फक्त कळवते की मी फादर व्हॅलेरियनना सर्व सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले, मग विचारले की गावाला तुम्ही सांगाल की मी सांगू. मीच सांगेन, असे मी म्हटले. ते म्हणाले, संताचा अवशेष नसला तरी वेदी आशीर्वादित होते, तसा नियमच आहे, तेव्हा सण ठरल्याप्रमाणे होईल. मिस्सेला तू येशील की नाही, ते त्यांना कळव.

नाताळच्या शुभेच्छा. स्वेटर पाठवला आहे.

मटिल्डाबाय


उमेळे
२७ जानेवारी १९९८

चि. फेबियन,

तू आलास, मिस्सा केलीस, विषमज्वराचे नावही न काढता पाच मिनिटांत प्रवचन आटोपलेस आणि सकाळच्या पहिल्या गाडीने गेलास. मी केलेला चहा तसाच राहिला. तक्रार करत नाही, नोंद करते.

सणाआधीच्या रविवारी काय झाले ते तुला नीट कोणी सांगितले नसेल. मिस्सेनंतर मी ओसरीवर पंचवीसेक माणसे बोलावली आणि तुला लिहिले तसेच, काही न गाळता सांगितले. मग काही हसले, ते मला बरे वाटले. काही उठून गेले. एका म्हाताऱ्याने विचारले की मग माझा हिवताप कोणी घालवला.

रोझलीनचे मात्र मनातून जात नाही. शेजारच्या बेनेडिक्टची बायको. तुला आठवत असेल, एकोणऐंशी साली तिची प्रिसिला चार वर्षांची होऊन तापाने गेली. डबी तिच्या उशाशी मीच नेऊन ठेवली होती. लेकरू गेले, पण शेवटी संत जवळ होता, असे रोझलीन इतकी वर्षे म्हणत आली. त्या दिवशी तिने एकच विचारले, की उशाशी ठेवतानाही तुला ठाऊक होते का. मी हो म्हटले. ती चपला घालून गेली. कुंपणाला कुंपण लागून आहे, पण तेव्हापासून बोललेली नाही.

दाखला फादरांकडे दिला. हाड मी चर्चच्या मागे मातीत पुरले. डबी रिकामी आहे.

शाळा चालू आहे. तुझी खुशाली दोन ओळींत कळव, एवढे तरी कर.

मटिल्डाबाय


जालना
८ फेब्रुवारी १९९८

ती. मटिल्डाबाय हिस,

शि. सा. न. इतके दिवस लिहिले नाही, कारण जे लिहायचो ते फाडावे लागत होते.

मला राग आला होता. हाडाचा नाही. बारा वर्षांच्या मुलीने भीतीपोटी काय केले याचा राग कोणी धरत नाही. पण मी सतरा वर्षांचा असताना ट्रंक घेऊन निघालो तेव्हा तू चोवीस वर्षांची होतीस, आणि गप्प राहिलीस. दोन महिने मला वाटत होते की माझे आयुष्य तू पेजेने चिकटवले आहेस. हे वाक्य कठोर आहे, पण लिहिले नाही तर पुढचे खोटे ठरेल.

सकाळी तुझा चहा सोडून, गाडीआधी मी रोझलीनकडे गेलो होतो. मला वाटले, तिला धीर द्यावा. ती चुलीपुढे बसली होती. म्हणाली की फादर, तुमी काय बोलू नका, मी रागात हाय आन रागातच ऱ्हानार, किती दीस ते मलाच ठाव नाय. मग भाकरी थापता थापता म्हणाली की डबीत कोनाचं हाड होतं ते जाऊ द्या, पन माझी पोर गेली तेवा तीन दीस ही बाय तिथून उठली नाय, पानीसुदीक प्याली नाय, तेबी खरं हाय. हे तुला सांगू का म्हणून विचारले, तर नको म्हणाली, मीच सांगीन, माजं मन होईल तेवा. मी ते आधीच सांगून टाकले, याबद्दल तिची माफी मागेन.

गाडीत बसल्यावर मला सेमिनरीचे फाटक आठवले. तुला हे माहीत नाही. आयलाही नव्हते. बाबा मला सोडायला आले होते. फाटकाबाहेर बाकावर बसवून म्हणाले की चार वाजता परतीची बस आहे. तुझ्या मनात नसेल तर आपण दोघे त्या बसने जाऊ, तुझ्या आयला मी पाहून घेईन, नवस तिचा आहे, तुझा नाही. आम्ही तासभर तिथे बसलो, शेंगा खाल्ल्या. बस आली. बाबा चढले. मी चढलो नाही. मला कोणी थांबवले नव्हते, आणि खरे सांगतो, त्या तासात आयची डबी एकदाही मनात आली नाही.

वीस वर्षे मी लोकांना तापाची गोष्ट सांगितली, कारण ती सांगायला सोपी होती, ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. बसची गोष्ट कोणाला सांगावी असे वाटलेच नाही. गेल्या रविवारी पाड्यावर ती पहिल्यांदा सांगितली. एका मुलीने विचारले की फादर, बाबा रडले का. मला आठवेना. मी म्हणालो की बस वळेपर्यंत ते मागच्या खिडकीतून पाहत होते.

मे महिन्यात पंधरा दिवस घरी येतो. पहिल्या गाडीने पळणार नाही.

तुझी माया पूर्वीइतकीच आहे असे धरून चालतो. नसेल तर मे महिन्यात समोर बसवून सांग.

तुझा धाकटा,
फेबियन