संगमावर नांगरलेली नाव

आई,

परवा संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावावर गेलो होतो. हल्ली जातो अधूनमधून. घरात बसवत नाही म्हणून जातो, आणि तिथंही बसवत नाही म्हणून परत येतो. तुझ्या वेळचा तो तलाव तू आता ओळखणार नाहीस. काठाला फरशी आली, रंगीत दिवे आले, आणि पाण्यात बदकाच्या तोंडाच्या नावा फिरतात. तर परवा एकाएकी अंधड सुटलं. चाटवाल्यांच्या छत्र्या उडाल्या, पोट्टेपोट्टी किंचाळत गाड्यांकडे पळाली, मी मात्र कठडा धरून उभाच राहिलो. समोर दोराने बांधलेली एक रिकामी नाव होती. वारा आला की ती मागं जायची, दोर ताणला की अंगभर थरथरायची, आणि पुन्हा नाक वर करून पुढं यायची. किती वेळ बघत होतो कोण जाणे. गार्ड ओरडत आला, "दादाजी, मरना है क्या? शेड में चलिए!" मी कठडा सोडला नाही.

तुझी सून गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्या अस्थी अजून अंगणातल्या पेरूच्या झाडाला टांगलेल्या आहेत, मडक्याला लाल कापड बांधून. घराच्या छपराखाली ठेवायच्या नाहीत एवढा नियम मी पाळला, दहाव्या दिवसाच्या आत न्यायच्या तो पाळला नाही. आधी मला ताप होता. मग पोराची सुट्टी संपली. मग मी म्हटलं, पुढच्या अमावास्येला. अशा किती अमावास्या गेल्या, मी मोजल्या नाहीत. कापडाचा लाल रंग उडून गेला. समोरची बाई रोज सकाळी कचरागाडीपाशी भेटते, भली आहे, हळू आवाजात म्हणते, "बाबूजी, अतेक दिन ले फूल घर में नइ रखंय." इकडे अस्थींना फूल म्हणतात हे तुला ठाऊकच आहे. मी मान हलवून म्हणतो, हव. आणि आत येऊन दार लावतो.

आता पोरानंच ठरवलं आहे. फोनवर म्हणाला, "पापा, इस संडे फाइनल है. सुबह राजिम, शाम तक वापस." मी मराठीत बोलतो, तो हिंदीत उत्तर देतो, आमचं असंच चालतं. मी म्हटलं, पाणी असेल का रे आता? "है पापा, मैंने पता कर लिया. बोट है, लाइफ जैकेट भी देते हैं." मग त्याच दमात, "और उसके बाद आप मेरे साथ चलेंगे. वहां अकेले क्या करेंगे?" त्याचं काही चुकत नाही. पण रविवारी माझ्या हातून ते मडकं उलटं होणार नाही, आई. मला माझा हात माहीत आहे. आणि नाही झालं तर मी त्या पोराच्या तोंडाकडे कसा बघू, तेही कळत नाही. म्हणून तुला विचारायला बसलो. तुझ्या हातून कसं झालं?

ते दिवस आश्विनाचे. बाबांना जाऊन तीन-चार दिवस झालेले. गुढियारीच्या आपल्या त्या दोन खोल्यांत माणसं मावत नव्हती, आणि काका दारात उभे राहून सांगत होते, "वहिनी, बायका नाई जात विसर्जनाले. पोट्टा जाईन, मी जाईन." तू चुलीजवळून उठलीस. "मालधक्क्यावरून रात्री-बेरात्री आले तं जेवाले वाढाले मीच उठली. दुखण्यात मीच उठली. न आता पोचवाले तुम्ही जाता काय?" काकांनी चपला घातल्या. नंतर ते आलेच नाहीत, रुसले. आपण दोघंच बसने राजिमला संगमावर गेलो. तांब्याचा कलश तुझ्या मांडीवर होता, आणि कंडक्टरनं त्याचं तिकीट विचारलं नाही याचं मला उगाच बरं वाटलं होतं.

काठावरच्या भटजींनी मला मंत्र सांगितला. तो मी लगेच तोंडपाठ केला. पाठांतर हे एकच तर मला जमायचं. शाळेतल्या सगळ्या कविता अजूनही येतात, त्यांत वादळंही पुष्कळ होती, नावाही होत्या, आणि सुकाणूवर एक धीराचा माणूस असायचाच. आपला नावाडी, केवट, तसा नव्हता. तंबाखू मळत त्यानं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधा घंटा मं आ जाबो दाई." मला आजही वाटतं, त्याला काही कळलं नव्हतं. आपल्याला तरी कुठं कळलं होतं? पूर्वेकडे आभाळ जांभळं झालं होतं आणि मी त्याला मनातल्या मनात एक छानसं विशेषण शोधत होतो.

तीन नद्या मिळतात तिथं ओढ फार. विधी होईपर्यंत डोंगा जागच्या जागी राहावा म्हणून केवटानं नांगर टाकला, चार आकड्यांचा लोखंडी, दोराला बांधलेला. दोर ताणला, डोंगा थांबला. पात्राच्या मधोमध महादेवाचं देऊळ आपल्या मागच्या अंगाला होतं, उंच दगडी चौथऱ्यावर. मी दक्षिणेकडे तोंड करून कलश दोन्ही हातांत घेतला आणि मंत्र सुरू केला. अर्ध्यावर असतानाच वारा आला. असा आला की माझ्या तोंडातला शब्द मलाच ऐकू आला नाही. पाठोपाठ पाऊस, आडवा, डोळे उघडू न देणारा. काठ दिसेना. डोंग्याचं नाक खाली जाऊन पाणी आत यायला लागलं.

आणि मी काय करत होतो? मी पुन्हा पहिल्यापासून मंत्र म्हणत होतो. शाळेत कविता म्हणताना चुकलं की गुरुजी पहिल्या ओळीपासून म्हणायला लावायचे. ती सवय इतकी मुरलेली की नदीच्या मध्यावर, घोट्याएवढ्या पाण्यात, लाट आली की मी अडखळत होतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होतो. कलश डोक्याच्या वर धरला होता, मंत्र पुरा व्हायच्या आत त्यात नदीचं पाणी जाऊ नये म्हणून. तू ओरडलीस, "काहून बोंबलून राहिला? कोणाले म्हणून दाखवून राहिला तू आता?"

केवटाचा धीर सुटला होता. दोर कापून वाहत सुटायचं म्हणून त्यानं कमरेचा विळा काढला. "दाई, डोर काट देथंव! बोहा जाबो त बांच जाबो!" तू तशीच गुडघ्यांवर सरकत पुढं गेलीस आणि त्याचा हात धरलास. "बोहा के कहां जाबे?" तू छत्तीसगढीत बोलायचीस तेव्हा भाजीवालीशी भांडल्यासारखी बोलायचीस. "वो पथरा मं फूटबे!" देवळाचा चौथरा खरंच वाऱ्याच्या वाटेवर होता. दोर कापला असता तर आपण थेट त्याच्यावर जाऊन आपटलो असतो. मग त्यानं विळा टाकला आणि उरलेला सगळा दोर सोडला. दोर लांबला तसं डोंग्याचं नाक लाटेवर उचलायला लागलं. नांगर धरून राहिला. पण आत आलेलं पाणी आतच होतं, आणि उपसायचा टिनाचा डबा कधीच वाहून गेला होता. "पानी उलीच! पानी उलीच!" केवट रडत होता, हातांनी पाणी फेकत होता. मोठा माणूस असा रडताना मी त्याआधी पाहिला नव्हता.

तू माझ्याकडे वळलीस. तुझ्या तोंडावर काय होतं ते मला अजून सांगता येत नाही. कलश माझ्या हातातून ओढून घेतलास. कापडाची गाठ भिजून आवळली होती, ती सुटेना, तर दातांनी तोडलीस. मी म्हटलं, आई, मंत्र राहिला! आणि तू कलश उलटा केलास. दक्षिण नाही, फुलं नाहीत, तीळ नाहीत, नमस्कारसुद्धा नाही. हाडं पाण्यात गेली आणि राख वाऱ्यानं उलटी आपल्यावर आणली. तुझ्या कपाळावर, केसांत, माझ्या ओठांवर बाबा होते. पावसानं ते धुऊन नेले. मी ओठ पुसले नाहीत, आणि तू तोवर त्याच कलशानं पाणी उपसायला लागली होतीस. "तू बी उपस! हातानं उपस! त्यायले पोचवाले आलो, त्यायच्यासंगं जाले नाई आलो!"

उपसत राहिलो. दोर कधी ताणायचा, कधी ढिला पडायचा, आणि ढिला पडला की वाटायचं, सुटला. कवितेतलं वादळ संपताना काहीतरी उजळतं. हे नुसतं थकून गेलं. वारा पडला तेव्हा आपण तिघं तीन कोपऱ्यांत बसलो होतो, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मग तू एक गोष्ट केलीस. तो रिकामा कलश पदरानं पुसलास, दोन्ही हातांत धरलास, आणि जेवायला बसलेल्या माणसापुढं ताट ठेवावं तसा हळूच पाण्यावर ठेवलास. तो थोडा तरंगला, कलला, गेला. काठावर भटजींनी विचारलं, "विधि हो गया?" तू म्हणालीस, "हो गया." मी तुझ्याकडे पाहिलं. तू चपला शोधत होतीस.

नंतर घरी तू आपणहून कधी त्याबद्दल बोलली नाहीस. पण भांडी घासायला चुलीतली राख घेणं तू त्या दिवसापासून सोडलंस. विटेचा भुगा आणलास, चिंचेचा चोथा वापरलास, पुढं पावडर आली ती वापरलीस. चुलीतली राख शेजारीण येऊन काढून न्यायची. तुझी सून नवीन होती, तिनं एकदा तुझ्यासमोर राखेत हात घातला तर तू तिच्यावर इतकी ओरडलीस की ती दिवसभर रडली. तिला कारण मी सांगितलं. मग तीही जन्मभर राखेला शिवली नाही, गॅस आल्यावरसुद्धा, अगरबत्तीची राखही कागदानं उचलायची. तुला हे माहीत होतं का, कोण जाणे. तुम्ही दोघी एकमेकींना सांगत नव्हता, फक्त पाळत होता.

एकदाच मी विचारलं. तू तांदूळ निवडत होतीस, मी दारात बसलो होतो. आई, त्या वेळी तुला वाईट नाही वाटलं? तू सूप खाली ठेवलं नाहीस. म्हणालीस, "वाटाले वेळ कुठी होता?" आणि खडा बाहेर टाकताना, "वेळ असता तं मले जमलं नसतं."

हे वाक्य मी इतकी वर्षं तुझ्या मोठेपणात जमा करत आलो. आता त्यातला अर्थ कळतो. तुला वादळ होतं, आई. डोंगा बुडत होता, पोटचा पोर वेड्यासारखा मंत्र बडबडत होता, आणि हाताला कामाचं असं तेवढंच एक भांडं होतं. माझ्याकडे काय आहे? रविवारी ऊन पडेल. पोरगा एसी लावलेल्या गाडीतून नेईल, कोणीतरी नारिंगी जाकीट घालून बकल लावून देईल, पाणी तळ्यासारखं निवांत असेल. मला वेळच वेळ असेल. कोणी बुडत नसेल, कोणी ओरडणार नाही, आणि माझ्या हातून तिला ओढून घ्यायला तूही नसशील. अशा शांत पाण्यावर, पुरेपूर शुद्धीत, माणसानं आपल्या बायकोला उलटं कसं करायचं?

एकदा वाटतं, पोराला सांगावं, तूच कर. तो करेल, फोनवरून कामं उरकतो तसं नीट करेल. एकदा वाटतं, जाऊच नये, पेरूखाली खुर्ची टाकून बसून राहावं आणि जे काय उरलंय ते असंच जावं. लोक म्हणतात दिवस गेले की हलकं वाटतं. मला तर दिवसेंदिवस जडच होत चाललंय. सकाळी उठतो, चहा करतो, तो निवतो, दुसरा करतो. कविता म्हणून बघतो, मध्येच शब्द येत नाही, आणि आता पहिल्यापासून सुरू करायची इच्छाही होत नाही.

आज दुपारी अंगणात जाऊन मडकं खाली उतरवलं. कापड बदलावं म्हटलं, तिचीच एक जुनी लाल ओढणी होती. गाठ सोडायला घेतली आणि हात थांबला. आत बघितलं नाही. जुन्या कापडावरूनच नवी बांधली आणि परत टांगलं. रविवारी काय होईल ते मला खरंच माहीत नाही. जाईन बहुतेक. पोरगा एवढा लांबून येतोय.

तुला एक सांगायचं राहिलं. हा कागद मी तुझ्यासाठी काढला नव्हता. आधी तुझ्या सुनेला लिहायला घेतलं होतं. हाक मारल्यासारखं तिचं नाव लिहिलं आणि तिथंच अडलो, कारण सगळा जन्म एका घरात गेला आमचा, मी तिला पत्र कधी लिहिलंच नाही. ती कायम पलीकडच्या खोलीत असायची. तिला पत्र लिहायचं म्हणजे ती पलीकडच्या खोलीत नाही, हे माझ्या हातानं लिहून देणं. ते झालं नाही. तू तर कधीची गेलेली आहेस, तुला लिहायला भीती वाटत नाही, म्हणून तिचं नाव असलेला कागद बाजूला ठेवून तुला लिहिलं.